परत आल्याचा गुन्हा

त्या दिवशी सकाळी मेलिप्पा अंगणात चटईवर अंजिरं वाळत घालत होती. स्पार्टातल्या पिताना वाडीत त्या आठवड्यात घरोघरी हेच काम चाललं होतं. तिची दासी मिर्तो उखळापाशी बसून जव सडत होती. मुलगी अगिडो नदीकाठच्या मैदानावर धावण्याचा सराव करून नुकतीच परतली होती. पोटऱ्यांपर्यंत धूळ, कपाळावर घाम. पाय न धुताच तिनं चटईवरचं एक अंजीर उचललं.

"लग्न तोंडावर आलंय, आणि पोरीला पाय धुवायची शुद्ध नाही," मेलिप्पा म्हणाली.

"मेनास काय पाय बघून लग्न करतोय माझ्याशी?"

"पायच बघून करतोय. गेल्या शर्यतीत पहिली आलीस, तेव्हाच त्याच्या आईनं माझ्याकडे शब्द टाकला."

मिर्तो मान खाली घालून हसली. तेवढ्यात चौकातून शिंगाचा आवाज आला. अगिडोनं अंजीर तोंडात तसंच ठेवलं. तिघी एकमेकींकडे न बघताच उठल्या.

मेलिप्पाचे दोन्ही मुलगे लढाईवर गेले होते. थोरला क्लेआंदर अठ्ठावीस वर्षांचा, धाकटा थेरास तेविसाचा. नवरा अकरा वर्षांपूर्वीच एका लढाईत पडला होता. स्पार्टामध्ये ज्या घरातला पुरुष म्हातारा होऊन मरतो, त्या घराबद्दल लोक जरा कुजबुजतच बोलतात. मेलिप्पाच्या घराबद्दल कुजबुजण्यासारखं आजवर काही नव्हतं.

चौकात पंचांचा माणूस उभा होता. हे पाच पंच दरवर्षी लोकांतून निवडले जात आणि राज्याचा रोजचा कारभार त्यांच्या हातात असे. राजेसुद्धा त्यांना विचारल्यावाचून मोहिमेवर पाऊल टाकत नसत. माणसानं आधी नेहमीचा हुकूम सांगितला. ज्यांची माणसं पडली त्या बायकांनी रडूभेकू नये. निमूट सोसावं. मग त्यानं नावं वाचली. एकोणिसावं नाव क्लेआंदरचं होतं. पुढे आणखी बरीच नावं आली. थेरासचं आलं नाही.

मेलिप्पाला आपल्या बोटांचा चिकटपणा जाणवला. अंजिराचा रस बोटांच्या बेचक्यांत वाळला होता. हात धुवायला हवेत, एवढाच विचार तिच्या मनात आला.

शेजारीण पोलीता पुढे झाली. तिचा नवरा अंतिमेन त्या वर्षीच्या पाच पंचांपैकी एक होता. "वहिनी, थोरल्यानं कुळाचं नाव काढलं," ती म्हणाली. "नशीबवान आहात." मागून आणखी चार जणी आल्या. प्रत्येकीनं हात हातात घेतला. मेलिप्पा हसली. हसायचंच असतं. नवरा गेला तेव्हाही ती हसली होती. चेहऱ्याला ते वळण माहीत होतं.

घरी आल्यावर मिर्तोनं ऊर बडवून घ्यायला सुरुवात केली. मालकाच्या घरात कोणी मेलं, की हेलॉट, म्हणजे जिंकलेल्या मुलखातल्या, दासदासींनी रडलंच पाहिजे, असा दंडक होता. थोड्या वेळानं ती थांबली, नाक पुसलं आणि पुन्हा उखळापाशी बसली.

"बाई, गंमत बघा," ती हळूच म्हणाली. "आमास्नी रडाया लावत्यात, आन् तुमास्नी हसाया. ज्याचं त्याला करू देत न्हाईत."

मेलिप्पानं तिला गप्प बसायला सांगितलं नाही. तेवढं भानच तिला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चालीप्रमाणे ती धुतलेला अंगरखा घालून बाजारात फिरली. ज्यांचे मुलगे पडले होते त्या सगळ्या बायका त्या दिवशी प्रसन्न चेहऱ्यानं हिंडत होत्या. लढाई हरूनही ज्यांचे मुलगे जिवंत राहिले होते त्यांनी लाजेनं दारं लावून घेतली होती. मेलिप्पाला दोन्ही करायचं होतं. सकाळी ती बाजारात हिंडली आणि दुपारी तिनं दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी थेरास आला. अंगावरचा लाल अंगरखा खांद्यापाशी फाटला होता. पाठीवर ढाल नव्हती.

मेलिप्पा उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याला जवळ घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. आत ये म्हणाली. तो आला. तिनं त्याच्यासमोर जवाची भाकर आणि चीज ठेवलं. त्यानं निम्मी भाकर खाल्ली आणि मग आपणहून सांगायला लागला.

"दादा माझ्या उजवीकडे होता. भाला मांडीत घुसला. तो खाली बसला. रांग पुढे गेली, मग मागे रेटली गेली, मग रांगच राहिली नाही. तो पाणी मागत होता. मी त्याला पाठीवर घेतलं. ढाल आणि दादा, दोन्ही घेऊन चालता येईना. मी ढाल टाकली."

"मग?"

"ओढ्यापर्यंत नेलं. पाणी पाजलं. पाणी प्यायला तो." थेरासनं भाकर बाजूला सारली. "मग तिथंच गेला. हातानं माती उकरून पुरला त्याला. वर आलो तेव्हा आपलं कोणी नव्हतं."

"कोणी पाहिलं का?"

"नाही."

मेलिप्पानं उरलेली निम्मी भाकर पुन्हा त्याच्याकडे सरकवली. कुंपणापलीकडे बायकांची चाहूल होती. त्या कशाची वाट बघताहेत हे तिला ठाऊक होतं. ढाल टाकलेला मुलगा घरी आल्यावर आईनं दारातच त्याला धिक्कारलं, हाकलून दिलं, वेळप्रसंगी वरवंटा उचलला, अशा गोष्टी वाडीतल्या मुलींना लहानपणापासून सांगितल्या जात. मेलिप्पानं स्वतः अगिडोला त्या सांगितल्या होत्या, आणि सांगताना तिचा आवाज भरून यायचा.

संध्याकाळी पोलीतानं कुंपणावरून विचारलं, "अजून घरातच आहे का तो?"

"जेवला आणि झोपला," मेलिप्पा म्हणाली.

पोलीता घरात निघून गेली. दुसऱ्या सकाळी मिर्तो विस्तव मागायला गेली, तेव्हा पोलीताच्या दासीनं चुलीपुढे उभं राहून सांगितलं, "आमची चूल विझलीय." चुलीतून धूर निघत होता.

पुढचं सगळं न सांगताच होत गेलं. स्पार्टातले पुरुष घरी जेवत नाहीत. पंधरा पंधरा जणांची एकेक पंगत असते आणि माणूस जन्मभर त्याच पंगतीत जेवतो. थेरास आपल्या पंगतीत गेला. त्याच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं, पण दोन्ही बाजूंचे इतके सरकून बसले होते, की जागाच उरली नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. चेंडूच्या खेळात दोन्ही गटांनी आपापले गडी निवडले. तो एकटाच मध्ये उरला. रस्त्यात समोरून कोणी आलं, तर त्यानं बाजूला व्हायचं. पोरसवदा मुलं आली तरी बसल्या जागेवरून उठायचं. एके दिवशी तो घरी आला तेव्हा त्याची निम्मी दाढी भादरलेली होती आणि अंगरख्यावर रंगीबेरंगी ठिगळं शिवलेली होती.

"कोणी केलं हे?" मेलिप्पानं विचारलं.

"मीच बसलो त्यांच्यापुढे," तो म्हणाला. "पळालो असतो तर आणखी हसले असते."

अशा माणसाला 'थरथऱ्या' म्हणतात. आता बाजारात कोणी मेलिप्पाला क्लेआंदरची आई म्हणत नव्हतं. थरथऱ्याची आई म्हणत. एकाच ओढ्याच्या काठावर एक भाऊ वीर झाला आणि त्याला तिथवर उचलून नेणारा थरथऱ्या.

महिन्याभरात मेनासच्या आईचा, युरिदाचा, निरोप आला. लग्न यंदा नको. पुढे कधी ते निरोपात नव्हतं. अगिडोनं निरोप ऐकला, पाण्याचा घडा उचलला, भरून आणला आणि कोपऱ्यात ठेवला. मग भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा पडला तेव्हा तू का नाही पडलास?"

थेरासनं अंगरख्याचं एक ठिगळ चाचपलं.

"खरंच विचारते. एवढे जण पडले. तुला एक भाला लागला नाही?"

"अगिडो," मेलिप्पा म्हणाली.

"बोलू दे तिला," थेरास म्हणाला.

"तू मेला असतास तर मी आज नवरी झाले असते. आईला सणासमारंभात पुढच्या रांगेत बसवलं असतं. दोन दोन मुलगे दिले म्हणून. तू आलास आणि आपण तिघं मेलो." तिचा आवाज चढला नव्हता. एखादी सांगायची राहिलेली गोष्ट सांगावी, तशी ती सांगत होती.

"खरं आहे," थेरास म्हणाला.

त्यानं भांडायला हवं होतं, असं मेलिप्पाला वाटलं. निदान रागावून उठून जायला हवं होतं. तो तिथेच बसून राहिला, ठिगळांच्या अंगरख्यात, गुडघ्यांवर हात ठेवून.  त्या दिवसांत मेलिप्पाच्या अंगातलं काहीतरी सुन्न झालं होतं. फार वेळ बर्फाच्या पाण्यात धरलेल्या हातासारखं. दुखत नव्हतं, आणि दुखत नाही याचीच मधूनच भीती वाटे.

त्या सुन्नपणातच एके सकाळी ती पंचांच्या कचेरीत गेली. अंतिमेन एकटाच होता. तिला पाहून त्यानं बाक पुढे केला. भला माणूस होता. तिच्या नवऱ्याबरोबर लहानपणी एकाच तुकडीत वाढला होता.

"भाऊजी, मला तो हुकूम दाखवा," ती म्हणाली.

"कसला हुकूम, वहिनी?"

"माझ्या मुलाशी बोलू नये, त्याला पंगतीत घेऊ नये, माझ्या मुलीशी सोयरीक करू नये, असा हुकूम कोणी काढला?"

अंतिमेननं डोकं खाजवलं. "तसा हुकूम नाही."

"मग उठवा."

"काढलाच नाही तो उठवू कसा? हुकूम असता तर सोपं होतं. सभेपुढे ठेवला असता, लोकांनी ओरडून कौल दिला असता, बदलला असता. ही चाल आहे. ती कोणाच्या हातात नाही."

"तुमची पोलीता मला विस्तव देत नाही. तो कोणाच्या हातात आहे?"

अंतिमेनचे कान लाल झाले. बराच वेळ तो बाकाच्या कडेवरचं कुसळ नखानं काढत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐका. वसंतात सीमेवर मोहीम निघतेय. अशा माणसाला रांगेत कोणी घेत नाही, पण मी शब्द टाकतो. पहिल्या रांगेत जागा मिळेल. त्यानं तिथं नीट केलं, तर सगळं धुऊन निघेल. अगिडोचंसुद्धा."

"नीट म्हणजे मरावं."

"तुम्ही समजूतदार आहात, वहिनी."

तिथून ती काकाकडे गेली. काल्लिपस सत्तरीचा, वडीलसभेतल्या तीस जणांपैकी एक. जीवन मरणाचे निवाडे ही सभा करत असे. तो उन्हात बसून पायांना तेल चोळून घेत होता. त्यानं पुतणीचं सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही निवाडे करतो, पोरी. निवाड्याला आरोप लागतो. तुझ्या मुलावर कोणी आरोपच केला नाही, तर सोडू कशातून त्याला?"

"मग हे करतंय कोण, काका?"

म्हाताऱ्यानं तेल चोळणाऱ्याला जायची खूण केली. "दामो आठवते?"

मेलिप्पानं मान वर करून पाहिलं.

"बारा वर्षं झाली. तिचा नवरा असाच परत आला होता. विस्तव मागायला ती पहिल्यांदा तुझ्याच दारात आली होती ना? तुझा नवरा मला सांगत होता, मोठ्या कौतुकानं. मेलिप्पानं तिच्या तोंडावर दार लावलं म्हणाला. आम्ही सगळे हसलो होतो." त्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुला तेव्हा कोणी हुकूम दिला होता का?"

घरी जायची वाट डावीकडे होती. मेलिप्पा उजवीकडे वळली.

दामोचं घर वाडीबाहेर होतं, नदीच्या लव्हाळ्यांपाशी. अंगणात दोन बायका चटया विणत होत्या. मेलिप्पाला वाटलं, दासी असतील. मग तिनं ओळखलं. त्या दामोच्या मुली होत्या. बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या होत्या. आता कानशिलांवर केस पांढरे दिसत होते. कोणी मागणी घातली नव्हती. घालणारही नव्हतं.

दामो बाहेर आली. ती अंगानं सुकली होती, पण डोळे तसेच होते.

"मेलिप्पा ना तू? ऐकलं तुझ्या धाकट्याचं."

"दामो, मी त्या दिवशी..."

"आठवतंय मला. हातात खापर घेऊन उभी होते. तुझ्या चुलीत जैतुनाची लाकडं जळत होती."

"माझं चुकलं."

दामोनं अंगरख्याला हात पुसले. "बारा वर्षं चुकलं नव्हतं. तुझ्या पोरावर आल्यावर चुकलं. माफी मागायला आलीस, तर ती नाही माझ्याकडे. असती तर दिली असती, एवढं सांगते."

मेलिप्पानं मान हलवली. ती जायला वळली तेव्हा दामो म्हणाली, "थांब. एक सांगते, ते मात्र घेऊन जा. माझ्या नवऱ्याला अन्नाची ददात नव्हती. मारहाणही त्यानं सोसली. त्याला एवढंच हवं होतं, की कोणीतरी रस्त्यात नावानं हाक मारावी. मीही मारत नव्हते. लाज वाटायची. तिसऱ्या हिवाळ्यात तो नदीत गेला. तू मारतेस का हाक?"

मेलिप्पानं आठवून पाहिलं. थेरास आल्यापासून ती त्याला 'ए' म्हणत होती, 'जेवून घे' म्हणत होती. नाव घेतलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी भर चौकात, पाण्याच्या कुंडापाशी, तिनं त्याला हाक मारली. "थेरास." बायकांनी माना वळवल्या. तोही दचकून थांबला, आपल्यालाच हाक आली का हे न कळून. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आली.  हिवाळाभर ती रोज असंच करत राहिली. सुन्नपणा गेला नव्हता, पण त्यातून चालता येत होतं.

वसंतात मोहीम निघाली. अंतिमेननं शब्द पाळला. थेरासला पहिल्या रांगेत जागा मिळाली. वाडीतल्या बायकांचं मेलिप्पाशी वागणं आपोआप मऊ झालं. पोलीतानं स्वतः विस्तव पाठवला. कुंपणावरून म्हणाली, "आता सगळं नीट होईल बघा, वहिनी." युरिदाची दासी दोनदा सहज डोकावून गेली. सारी वाडी एका तरुण माणसाच्या मरणाची वाट पाहत होती, आणि कोणाच्या मनात त्याच्याबद्दल वाईट नव्हतं.

निघण्याच्या दिवशी मुलगे रस्त्यावर रांगेनं उभे राहतात आणि आया घरातली ढाल त्यांच्या हातात देतात. देताना आईनं काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. जिंकून ये, नाहीतर मरून ये. एकेक आई पुढे जाऊन ते शब्द म्हणत होती आणि मागे सरत होती. मेलिप्पा आपल्या नवऱ्याची ढाल घेऊन थेरासपुढे आली. बायका पुढे सरकल्या. या आईचे शब्द सगळ्यांनाच ऐकायचे होते.

"थेरास," ती म्हणाली, "परत ये."

कोणीतरी मागे खाकरलं. तिनं आवाज चढवला नाही, पण इतकी शांतता होती, की शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"ढाल टाकावी लागली तर टाक. तू ये. मी दार लावणार नाही."

थेरासनं ढाल घेतली. "बरं, आई," तो म्हणाला. बाजारातून काही आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं.

बायका बाजूला झाल्या, ती जाईल तिथून वाट सोडत. अंतिमेन खाली बघत होता. अगिडो आईशेजारी येऊन उभी राहिली. भावाची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

थेरास परत आला नाही. अठराव्या दिवशी चौकात यादी वाचली गेली. सीमेवरची खिंड आपल्या हातात आली होती. नावं फक्त सहा होती आणि पहिलं त्याचं होतं. बरोबरच्यांनी नंतर सांगितलं, तो रांग सोडून एकटाच पुढे गेला. मागून तीनदा हाक मारली. वळला नाही. आईनं एकदा म्हटलेलं मागे ओढत होतं, आणि साऱ्या गावानं एवढे महिने न बोलता सांगितलेलं पुढे.

बायका फुलांचे हार घेऊन मेलिप्पाच्या दारी आल्या. पोलीता पुढे होती. "धुऊन निघालं, वहिनी. दोन्ही मुलगे..."

मेलिप्पा उंबऱ्यात बसली होती. तिनं केस कापले होते आणि काळं वस्त्र पांघरलं होतं. बाजूला अगिडो तशीच बसली होती.

"माझा मुलगा मेला," मेलिप्पा म्हणाली. "हार घेऊन जा."

"वहिनी, पंचांचा हुकूम..."

"तो हुकूम आहे, हे मला माहीत आहे. भाऊजींना सांगा, मोडला म्हणून शिक्षा लिहा. निदान ती कोणी दिली हे तरी कळेल."

पोलीता हार हातात धरून उभी राहिली. तिचाही धाकटा मुलगा त्याच मोहिमेवर होता.  हार तिनं दाराशी ठेवले नाहीत. परत नेले.

अकरा दिवस मायलेकी उघड्या दारात बसल्या. येणारे जाणारे दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले. शिक्षा लिहायला मात्र कोणी आलं नाही. मिर्तो रोज त्यांच्यामागे येऊन बसे. आता ती ऊर बडवत नव्हती.

बाराव्या दिवशी युरिदा आली. चांगला अंगरखा घालून, बरोबर मधाचा बुधला घेऊन. मेलिप्पाची चौकशी करून झाल्यावर ती अगिडोकडे वळली.

"पोरी, झालं गेलं विसरून जा. मेनास अजून थांबलाय. आता काही अडचण नाही."

"काकू, एक विचारू?" अगिडो म्हणाली.

"विचार की."

"थेरास आज घरात बसलेला असता, तर आला असतात?"

युरिदानं मेलिप्पाकडे पाहिलं. मेलिप्पानं तिला मदत केली नाही.

"तसं कसं जमलं असतं, बाळ. लोक..."

"मग नको."

"वेडी आहेस का? सगळा जन्म पडलाय."

अगिडोनं मधाचा बुधला उचलून तिच्या हातात परत दिला. "मी त्याला म्हणाले होते, तू मेला असतास तर मी नवरी झाले असते. त्यानं ऐकलं. त्या शब्दावर मी लग्न करू?"

युरिदा गेल्यावर अगिडो पहिल्यांदा रडली. मेलिप्पानं तिला थोपटलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते कुठे अडलं होतं हे तिला कळत नव्हतं, आणि आता ती शोधतही नव्हती.

त्यानंतर अगिडो अधूनमधून नदीकडे जाऊन दामोच्या मुलींबरोबर चटया विणायला बसू लागली. मेलिप्पाही एकदा गेली. दामोनं बाक दाखवला. मेलिप्पा तासभर बसून आली.

शरद ऋतूत उत्तरेच्या सीमेवर चकमक झाली. शेजारच्या लिम्नाय वाडीतला एक तरुण एकटा जिवंत परत आला. पाचच दिवसांत मिर्तोनं बातमी आणली. त्याच्या आईनं तीन घरी विस्तव मागितला, तिन्ही चुली विझलेल्या निघाल्या.

मेलिप्पानं टोपलीत जवाच्या भाकरी, चीज आणि जैतुनं भरली. अगिडोनं खापरात निखारे घेतले आणि वर राख पसरली. दोघी भर दुपारी, बाजार पूर्ण भरलेला असताना, मधल्या रस्त्यानं निघाल्या. लोक वाट सोडत होते. धान्याच्या राशीपाशी पोलीता उभी होती. तिचा धाकटा मुलगा महिन्यापूर्वी सुखरूप परतला होता, ढालीसकट. तिनं दोघींना पाहिलं, टोपली पाहिली, खापर पाहिलं. ती त्यांच्याबरोबर आली नाही. पण तिनं पाठही फिरवली नाही. मान किंचित हलवली, आपण हलवली की नाही हे आपल्यालाच कळू नये इतकी.

लिम्नायमध्ये ते घर शोधावं लागलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून धूर येत होता. एकाच घरातून येत नव्हता. दार बंद होतं. मेलिप्पानं कडी वाजवली. पुन्हा वाजवली. दार वीतभर उघडलं. आत एक बाई होती, मेलिप्पापेक्षा लहान, डोळे कोरडे. तिच्यामागे अंधारात कोणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून बसलं होतं.

"कशाला आलात?" बाईनं विचारलं. टोपलीकडे तिनं पाहिलंही नाही. अशी माणसं तमाशा बघायला येतात, हे तिला एवढ्यात कळलं होतं.

"तुमच्या मुलाचं नाव काय?" मेलिप्पानं विचारलं.

बाई गोंधळली. पाच दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. "लामिस," ती म्हणाली.

मेलिप्पानं दार हातानं आणखी थोडं उघडलं, आणि रस्त्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लामिस, पंगत मांड बाळा. आम्ही जेवायला आलोय."